ओशिवऱ्याचं जुनं सागवान

मुंबईत मढच्या बंगल्यांत मालिकांचं शूटिंग चालतं. तोच दिवाणखाना कधी ठाकुरांची हवेली होतो, कधी गोव्यातलं घर; भिंती तशाच राहतात, बदलतं ते फर्निचर. असं जुनं सामान हवं असलं की कलादिग्दर्शक जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा बाजार गाठतात. माणसांना मढ-वर्सोवा फेरीबोट आहे. कपाटाला मात्र टेम्पोत बसून मालाड-मार्व्याचा वळसा घ्यावा लागतो.

या बाजाराचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे डिझायनर. पलंगाच्या डोक्याकडच्या नक्षीचा बाक करायचा, दाराच्या फळीचं जेवणाचं टेबल, शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर बेसिन. अशा कामाला हल्ली ‘अपसायकलिंग’ म्हणतात आणि त्याची किंमत एसी शोरूममध्ये लागते. पण वस्तूचा जीव लाकडात असतो, आणि लाकूड पारखायला ओशिवराच बरा.

इथलं मानाचं लाकूड बर्मा टीक. त्याच्यापायी एक राज्य बुडालं आहे. मुंबईत 1863 साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला ब्रह्मदेशात सागवान तोडायचा परवाना होता. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याबद्दल थिबा राजाच्या दरबारानं 1885 मध्ये कंपनीला सुमारे तेवीस लाखांचा दंड केला. इंग्रजांना निमित्त मिळालं, लढाई झाली आणि थिबा रत्नागिरीत कैदेत आला. 1916 मध्ये तो तिथेच वारला. मुंबईकरांच्या दिवाणखान्यांत त्या रानांतलं लाकूड येतच राहिलं. नैसर्गिक रानातलं हे झाड सावकाश वाढलेलं. त्याच्या अंगातल्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. म्हणून पन्नास वर्षं पावसाळी हवा खाल्लेली फळीसुद्धा रंधा मारला की आतून सोनेरी निघते.

मात्र प्रत्येक जुनी वस्तू सागवानी नसते. इराणी हॉटेलांतली वाकवलेली खुर्ची मूळ थोनेट या फर्निचर कंपनीच्या 1859 च्या नमुन्यावरची: वाफेवर वाकवलेलं बीच झाडाचं लाकूड, त्याचे अवघे सहा भाग आणि दहा स्क्रू. तिला कापाल तर काहीच उरणार नाही. तिची बैठक नव्या वेतानं विणून घ्यावी आणि गप्प बसावं.

माझ्या मते डिझायनरची परीक्षा इथेच होते: काय कापायचं नाही हे कळण्यात. रंग चढवण्याआधी मिस्त्री कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकतो. पॉलिश विरघळून चिकट झालं, तर ते चपड्याचं, म्हणजे जुनं फ्रेंच पॉलिश. ते खरवडायचं नसतं. कापसाच्या बोळ्यानं हात फिरवत पुन्हा जिवंत करता येतं. पण घाईच्या गिऱ्हाइकाला चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हवं असतं, किंवा पांढरा चॉक पेंट. शिसवी कपाटाला पांढरा रंग फासून वर ‘व्हिंटेज’ची चिठ्ठी लावणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

आणखी एक खटकतं. वस्तूवर सही डिझायनरची असते. मूळ सांधा न फोडता पाय सोडवणाऱ्या मिस्त्रीचं नाव कुठेच नसतं. नव्या वस्तूतलं सगळ्यात अवघड काम त्याचंच असतं.

तेव्हा आजोबांचं कपाट भंगारवाल्याला देण्याआधी खण बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहा. पॉलिश नसलेलं लाकूड तिथे दिसतं. तिथेही प्लायवूड नसून अखंड फळी असेल, तर भाव ठरवायची घाई करू नका. आधी मिस्त्रीला बोलवा.