शालेय जीवशास्त्रातील प्रयोगांची मांडणी

शालेय जीवशास्त्रातील प्रयोग म्हणजे सजीवांविषयीच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी, एक घटक हेतुपूर्वक बदलून व बाकीचे शक्य तितके सारखे ठेवून केलेली तुलना होय. पुणे येथील पाठ्यपुस्तक मंडळाच्या (बालभारती, स्थापना १९६७) विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा' या शीर्षकाखाली अनेक कृती दिलेल्या असतात. कृती आणि प्रयोग यांत मात्र फरक आहे. ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आले, हे निरीक्षण झाले. ते कशामुळे आले हे त्यावरून ठरत नाही, कारण तुलनेसाठी दुसरी मटकी नाही.

मांडणी

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत मटकीला मोड यायला उन्हाळ्यापेक्षा अधिक वेळ लागतो, हे गृहिणींना ठाऊक असते. याचे कारण थंडी असावे, हा अंदाज होय. तो तपासण्यासाठी एकाच वेळी भिजवलेल्या मटकीचे पन्नास-पन्नास दाणे दोन सारख्या फडक्यांत बांधून एक पुरचुंडी फ्रिजमध्ये व दुसरी ओट्यावर ठेवता येते. फ्रिजमध्ये थंडीबरोबर अंधारही असतो. म्हणून ओट्यावरची पुरचुंडी उघडी न ठेवता दोन्ही पुरचुंड्या झाकणाच्या सारख्या डब्यांत ठेवाव्या लागतात. 'मोड आला' कशाला म्हणायचे, हेही मोजण्यापूर्वीच ठरवावे लागते. दोन्हींत एक-दोन दाण्यांचाच फरक पडला, तर त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

याच कसोटीवर 'तीन बियांचा प्रयोग' पाहण्याजोगा आहे. पट्टीवर खाली, मध्ये व वर घेवड्याचे एकेक बी बांधून ती पट्टी पाण्याच्या भांड्यात अशी उभी करतात की खालचे बी पूर्ण बुडते, मधले अर्धे बुडते आणि वरचे कोरडे राहते. मधले बी रुजते. त्यावरून अंकुरणास पाणी, हवा व ऊब लागते असे लिहिले जाते. वस्तुतः तिन्ही बियांचे तापमान सारखेच असते, त्यामुळे उबेविषयी हा प्रयोग काहीच सांगत नाही. खालचे बी हवेअभावी रुजले नाही हेही अनुमानच आहे. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडलेले दुसरे भांडे ठेवल्याशिवाय ते पडताळले जात नाही. शिवाय प्रत्येक जागी एकच बी असल्याने ते मुळातच किडके असण्याची शक्यता उरते.

अर्थ लावणे

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात कुंडी एक-दोन दिवस अंधारात ठेवून पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकतात व कुंडी उन्हात ठेवतात. नंतर ते पान पाण्यात व मग जलऊष्मकावर अल्कोहोलमध्ये उकळून त्यावर आयोडीन टाकतात. (अल्कोहोल पेट घेते, ते थेट ज्योतीवर तापवू नये.) उघडा भाग निळा-काळा होतो. कागदाने प्रकाशाबरोबर हवाही अडते, म्हणून दुसऱ्या पानावर तेवढ्याच आकाराचा पारदर्शक कागद लावणे इष्ट. आयोडीन दाखवते ते स्टार्च, प्रकाशसंश्लेषण नव्हे. कांद्याच्या पातीत अन्न मुख्यतः शर्करेच्या रूपात राहते. त्यामुळे भर उन्हातली पातही निळी होत नाही.

मोजमाप बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा फान हेल्माँट याने कुंडीत वजन केलेली माती भरून विलोचे रोप लावले व त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांत झाडाचे वजन सुमारे ७४ किलो वाढले, माती मात्र ५७ ग्रॅमच्या आसपास घटली. झाड मातीने वाढत नाही, हे त्याने योग्य ताडले; पण सारी वाढ पाण्याची मानली. हवा त्याने हिशेबातच धरली नव्हती.

प्रयोगवहीत 'निरीक्षण' व 'निष्कर्ष' असे वेगळे रकाने असतात ते याचसाठी. गुणांच्या धास्तीने निरीक्षणाचा रकाना पुस्तकावरून भरण्याची प्रथा सर्रास आढळते. त्यामुळे न रुजलेले बी वहीत रुजते आणि ते का रुजले नाही हा प्रश्न विचारलाच जात नाही. वर्गातील सर्व गटांचे आकडे, न जुळणाऱ्यांसह, फळ्यावर एकत्र मांडले तर वेगळे आकडे आलेल्या गटाची बियाणे, पाणी व जागा पुन्हा तपासता येते.