रोख साहाय्य व व्यक्तिगत समाजसेवा
कल्याणकारी राज्यात गरजू नागरिकांना मदत पोहोचविण्याच्या दोन पद्धती. रोख साहाय्यात निवृत्तिवेतन, बेकारी भत्ता, कुटुंब भत्ता यांसारख्या रकमा दिल्या जातात व त्यांचा विनियोग लाभार्थी स्वतः ठरवितो. व्यक्तिगत समाजसेवांत वृद्ध, अपंग, निराधार बालके इत्यादींना घरकामात मदत, समुपदेशन, निवासी संगोपन यांसारख्या सेवा प्रत्यक्ष पुरविल्या जातात.

दोहोंतील मुख्य भेद निर्णयाच्या अधिकाराचा आहे. रोख साहाय्याची पात्रता सामान्यतः वय, वर्गणी, उत्पन्न अशा निश्चित निकषांवर ठरते. त्यामुळे ते हक्क म्हणून मागता येते. सेवेची गरज मात्र सामाजिक कार्यकर्ता प्रत्येकाची परिस्थिती पाहून ठरवितो. त्यामुळे सेवेत लवचिकपणा येतो; पण अधिकाऱ्याच्या मर्जीलाही वाव राहतो.

ब्रिटनमध्ये ही विभागणी स्पष्ट दिसते. बेव्हरिज अहवालाने (१९४२) सामाजिक विम्यावर भर दिला व उत्पन्नाच्या सुरक्षिततेची जबाबदारी मध्यवर्ती शासनाकडे आली. व्यक्तिगत सेवा स्थानिक शासनसंस्थांकडे राहिल्या. सीबोम समितीच्या अहवालानंतर (१९६८) इंग्लंड व वेल्समध्ये १९७० च्या अधिनियमान्वये त्यांचे एकत्रीकरण झाले. सेवेऐवजी अपंगांना रोख रक्कम देण्यास या संस्थांना १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य अधिनियमाने मनाई होती. मदतनीस कोण असावा व त्याने केव्हा यावे, हे आपणच ठरवावे, अशी अपंगांच्या संघटनांची मागणी होती. १९९६ च्या अधिनियमाने तशी थेट रक्कम देण्यास परवानगी मिळाली. जर्मनीत १९९५ मध्ये सुरू झालेल्या शुश्रूषा विम्यात रोख रक्कम, सेवा किंवा दोहोंचा मेळ यांपैकी निवड करता येते. रोख रक्कम सेवेच्या मूल्यापेक्षा कमी असूनही अनेक कुटुंबे तीच स्वीकारतात. तथापि घरगुती शुश्रूषा मुख्यतः स्त्रियाच करीत असल्याने तिचा भार त्यांच्यावरच राहतो, असा आक्षेप घेतला जातो.

भारतातही दोन्ही पद्धती आढळतात. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजना (१९८०) रोख साहाय्याची आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत (१९७५) पूरक आहार, आरोग्यतपासणी व शालापूर्व शिक्षण यांवर भर होता.

या पद्धती परस्परांना पूर्ण पर्याय ठरत नाहीत. पैशाअभावी अडलेल्या कुटुंबास केवळ समुपदेशन देणे म्हणजे त्याच्या खऱ्या गरजेची उपेक्षा होय. उलट, छळ होत असलेल्या बालकाचे रक्षण रकमेने होत नाही आणि अंथरुणास खिळलेल्या एकाकी वृद्धास अनुदान मिळाले, तरी शुश्रूषा करणारे कोणी जवळ नसेल, तर त्याची मूळ गरज अपुरीच राहते.