तांबड्या विंचवाचे हृदयशास्त्र

दिवाळीच्या सुमारास महाड तालुक्यातल्या पाचाडच्या शिवारात भाताची कापणी चालू असते. भारे बांधायचे, झोडणी करायची, पेंढा रचायचा, सगळं हातानं. तांबडा विंचू अशाच जागी दडतो: पेंढ्यात, गोवऱ्यांच्या ढिगात, जळणात, गडग्याच्या फटीत. बोटाएवढा जीव. पण महाड-पोलादपूरकडे त्याची जी धास्ती आहे ती ठणक्याची नाही. चावतो बोटाला आणि मारतो हृदयाला, म्हणून ती धास्ती.

हृदयरोगावरच्या संशोधनाचा आढावा बहुतेक वेळा अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमपासून सुरू होतो. तिथे १९४८ पासून ५,२०९ माणसांच्या रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या नोंदी ठेवल्या गेल्या. पुढे बायपास येतो, स्टेंट येतो. या आढाव्यात आमच्या तालुक्याचं प्रकरण कुणी घालत नाही, आणि घालायला हवं असं माझं ठाम मत आहे.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, एमबीबीएस नागपूरचं. विंचू चावलेली धडधाकट माणसं, बरीचशी लहान मुलं, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. गावात विंचू उतरवणारा असायचाच. दवाखान्यातले उपायही फार सुधारलेले नव्हते. गुंगीच्या औषधांचं मिश्रण, अॅट्रोपिन, स्टेरॉइड, भरमसाट सलाइन असं जे हाताशी असेल ते दिलं जाई. यातलं अॅट्रोपिन आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवतं आणि जादा सलाइन फुप्फुसात उतरायला बसलेल्या पाण्यात भर घालतं.

बावस्करांनी केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. ते रुग्णाच्या उशाशी बसले आणि लिहीत गेले. चावल्यावर किती वेळानं उलटी झाली, घाम कधी फुटला, नाडी कशी चालली, रक्तदाब किती वर गेला आणि केव्हा कोसळला. त्यातून एक क्रम दिसला. उलट्या, अंगभर दरदरून घाम, मुलग्यांत लिंगाला आलेला ताठरपणा आणि बर्फासारखे गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना. नुसता ठणका असलेला रुग्ण ओरडून घर डोक्यावर घेतो, पण सहसा वाचतो. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने हे निरीक्षण छापलं.

आत घडतं ते असं. विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. तंतू थांबेनासे होतात आणि अॅड्रिनलिनच्या कुळातल्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात. नळीचं तोंड दाबून पंप चालू ठेवावा तशी हृदयाची गत होते. डावा कप्पा थकतो, रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात पाणी उतरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

म्हणजे आवळलेली वाहिनी सैल करायची. सोडियम नायट्रोप्रुसाइडनं ते साधतं, पण ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यायचं आणि रक्तदाबावरची नजर क्षणभर हलवायची नाही. ग्रामीण दवाखान्यात ही चैनच. रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी मात्र अॅड्रिनलिनच्या नेमक्या त्याच खिट्ट्या, अल्फा-१, बंद करते. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच तिचा अनुभव प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानं गोळीचा तुकडा द्यायचा, रुग्णाला आडवं ठेवायचं आणि दर तीन तासांनी पुन्हा द्यायचा, हातपाय गरम होईपर्यंत. मापायला यंत्र नाही. डॉक्टरनं आपला तळवा रुग्णाच्या पावलावर ठेवायचा. एकच पथ्य: सावकाश विरघळणारी गोळी इथे चालत नाही.

गंभीर रुग्णांत तीसेक टक्क्यांपर्यंत जाणारं मृत्यूचं प्रमाण त्यानंतर एक टक्क्याच्या आसपास आलं, असं बावस्करांनी नोंदवलं आहे. ही तुलना आधीच्या काळाशी आहे. मधल्या वर्षांत रस्ते झाले, लोक मांत्रिकाऐवजी दवाखान्यात लवकर येऊ लागले, त्याचाही वाटा धरायला हवा. तरी एवढी घट नुसत्या रस्त्यानं होत नाही.

मग प्रतिविषाचं काय? याच्यावर जगभर वाद झाला. १९९९ मध्ये ट्युनिशियातल्या ८२५ रुग्णांच्या चाचणीत प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. बावस्कर स्वतः प्राझोसिनचे पुरस्कर्ते, पण २०११ मध्ये त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडमधल्या ७० रुग्णांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडली, ती त्यांच्या गोळीला दुय्यम ठरवणारी. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले, जोडीला प्रतिविष दिल्यावर ३५ पैकी ३२. स्वतःच्या शोधाची अशी परीक्षा घेणारे थोडे. २०२२ च्या पद्मश्रीपेक्षा मला या आकड्यांचं कौतुक जास्त वाटतं. ट्युनिशियाचा विंचू वेगळा आणि रुग्णांची निवडही वेगळी, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच तराजूत घालता येत नाहीत.

या विंचवाचं आणखी एक प्रकरण महाडपासून फार लांब घडलं. १९९० मध्ये अमेरिकी संशोधकांनी याच जातीच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं आयबेरिओटॉक्सिन वेगळं काढलं. रक्तवाहिन्यांच्या स्नायूतली पोटॅशियमची एक विशिष्ट वाट तेवढी ते बंद करतं. वाहिन्या सैल कशा होतात, रक्तदाब का वाढतो, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा आजही ते हत्यार म्हणून वापरतात.

पाचाडहून महाड पंचवीसेक किलोमीटर, तेही घाटवळणाचं. प्रतिविष लवकर मिळालं तरच जास्त उपयोगी, कारण पुरात सुटलेली रसायनं ते परत बोलावू शकत नाही. म्हणून गार हातपायांचं पोर दवाखान्यात आलं की आधी गोळी द्यायची, गाडीची वाट नंतर बघायची.