सगळे एकदम निघाले तर?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुंबई थोडक्यात वाचली. समजा, ते वर्सोव्याच्या रोखाने आले असते आणि अंधेरीतील सगळे मोटारी काढून मुलुंडमार्गे ठाण्याकडे निघाले असते, तर? याचे उत्तर गणिती प्रारूपातून मिळते.

एका किलोमीटरमधील वाहनांची संख्या म्हणजे घनता. घनता आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह, अर्थात तासाला पुढे जाणारी वाहने. ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ साली मांडले, की घनता वाढते तसा वेग सरळ रेषेत घटतो. मोकळ्या मार्गिकेवर वेग ताशी ६० किलोमीटर धरू. १२० वाहने झाली की सारे ठप्प. मग घनता २० असता वेग ५० आणि प्रवाह १०००; घनता ६० असता वेग ३०, प्रवाह १८००. घनता १०० झाली की वेग १० वर येतो आणि प्रवाह पुन्हा १०००! विद्यार्थ्यांकडून हा आलेख जरूर काढून घ्यावा.

म्हणजे गर्दी ६० च्या पुढे गेली, की रस्ता माणसे कमी वाहून नेतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतील वाहने रात्रभर जागीच उभी होती. टप्प्याटप्प्याने निघण्याचे वेळापत्रक प्रारूपावरून ठरवता येते. (मार्गिका पाळणारी रिक्षा मात्र अजून पाहायची आहे, म्हणून आपल्याकडे प्रत्येक वाहनाचे ‘मोटारीएवढे’ मूल्य धरतात.) बस तीन मोटारींएवढी मानली, तर तासाला ६०० बस, म्हणजे ३०,००० माणसे. मोटारींतून जेमतेम ७,२००.

‘निसर्ग’च्या वेळी किनाऱ्यालगतच्या रहिवाशांना पालिकेने जवळच्या शाळांत हलवले. चालत जाण्याजोगी ही फेरी प्रारूपात महामार्गावर मोजावीच लागत नाही.