क्रिकेट-मंडळांचा उन्हाळा व त्यामागील संसार

उन्हाळा म्हटला कीं आपल्याकडील एकत्र कुटुंबांत दोन गोष्टी डोळ्यांपुढें येतात. एक गच्चीवर वाळत घातलेले सांडगे-पापड, आणि दुसरी, उन्हाची पर्वा न करतां बॅट घेऊन पळणारीं घरांतलीं मुलें. पहिल्या गोष्टीमागें किती तयारी असते हें घरांतील वडीलधाऱ्या बायकांना सांगावयास नको. दुसरीमागें मात्र कसलीच तयारी नसते, अशी आपली समजूत असते. चार मुलें जमलीं, तीन काठ्या रोवल्या, कीं खेळ सुरू! परंतु ज्या देशांत हा खेळ जन्मास आला त्या इंग्लंडांत, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून केवळ हौसेखातर खेळणाऱ्या लोकांचीं हजारों मंडळें आपला उन्हाळा कसा आखतात हें पाहिलें म्हणजे, खेळाचा आनंदही आधींपासून घालून ठेवावा लागतो असें दिसून येतें. ती व्यवस्था, आणि तींतून आपण घेण्यासारखें जें आहे तें, आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

इंग्लंडांत ऊन ही दुर्मिळ वस्तु आहे. खेळाचा मोसम एप्रिलच्या उत्तरार्धांत सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास संपतो. नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला खेळावयास मिळावयाचा तो मुख्यतः शनिवार किंवा रविवार. म्हणजे साऱ्या वर्षांत शनिवार मिळाले तर वीस-बावीस, आणि त्यांतलेही कांहीं पावसानें गिळावयाचे. एकेक दिवस असा मोलाचा असल्यामुळें तो आयत्या वेळच्या लहरीवर सोडतां येत नाहीं. म्हणून मोसम संपून दिवस लहान होऊं लागले कीं मंडळाची वार्षिक सभा भरते. जमाखर्च वाचला जातो, वर्गणी ठरते, निरनिराळ्या संघांचे नायक निवडले जातात, आणि त्यांच्याबरोबर एक असा पदाधिकारी निवडला जातो कीं ज्याचें नांव वर्तमानपत्रांत सहसा येत नाहीं. तो म्हणजे सामने ठरविणारा चिटणीस. त्याला वेतन नसतें, आणि पुष्कळदां त्याच्या जागेसाठीं दुसरा उमेदवारही नसतो.

या चिटणिसाचें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. स्पर्धेंतील सामन्यांच्या तारखा स्पर्धेचे व्यवस्थापक ठरवून देतात. मग याला उरलें काय? परंतु मंडळाचा संघ एकच नसतो. पहिला, दुसरा, तिसरा, कधीं चौथाही असतो. रविवारच्या स्नेह-सामन्यांचा संघ निराळा, मुलांचे वयवार संघ निराळे, मुलींचे व स्त्रियांचे निराळे. मैदान मात्र बहुधा एक, फार तर दोन. पहिला संघ घरच्या मैदानावर खेळत असेल त्या दिवशीं दुसऱ्यानें बाहेरगांवीं जावें, अशी सांगड घालावी लागते. जून महिन्यांत रात्रीं नऊपर्यंत उजेड राहतो, म्हणून कचेरी सुटल्यावर वीस षटकांचे सामने मधल्या वारीं बसवितां येतात. धंदेवाईक क्रिकेटनें वीस षटकांचा खेळ २००३ सालीं उचलला. हीं मंडळें तो त्याच्या कितीतरी आधींपासून संध्याकाळच्या उजेडांत खेळत आलीं आहेत. हें सारें जुळलें म्हणजे खिशांत मावेल एवढें एक कार्ड छापलें जाई. त्यावर तारीख, प्रतिपक्षाचें नांव, सामना घरीं कीं बाहेर, आणि वेळ. आतां बहुतेक ठिकाणीं ही यादी मोबाइलवर येते. पण तिचा अर्थ बदललेला नाहीं.

ती यादी म्हणजे दिलेल्या शब्दांची यादी होय. दोन मंडळांनीं स्नेह-सामना ठरविणें हें आपल्याकडील सोयरीक जुळविण्यासारखें आहे. तोलामोलाचें घर पाहावयाचें, बोलणीं करावयाचीं, आणि एकदां होकार दिला कीं अधिक चांगलें स्थळ चालून आलें म्हणून माघार घ्यावयाची नाहीं. गुरुवारीं रात्रीं एखाद्या मंडळानें ‘आमचे अकरा भरत नाहींत’ असा निरोप धाडला म्हणजे नुसता एक खेळ बुडत नाहीं. पलीकडच्या अकरा जणांनीं त्या दिवसाकरितां घरचीं कामें पुढें ढकललेलीं असतात, खेळपट्टी तयार झालेली असते, पंचांनीं दुसरीकडे नकार कळविलेला असतो. अशा सामन्यांत शब्द मोडणाऱ्यास दंड नाहीं कीं त्याचे गुण कापले जात नाहींत. फक्त पुढल्या हिवाळ्यांत त्याच्या पत्राला उत्तर येत नाहीं. १८४५ सालीं निघालेल्या ‘आय झिंगारी’ या मंडळाला तर स्वतःचें मैदानच नव्हतें. दुसऱ्यांच्या मैदानांवर पाहुणा म्हणून खेळत फिरावयाचें हाच त्याचा परिपाठ. सामन्यांची यादी आणि शब्दाचा लौकिक एवढीच त्याची इस्टेट, आणि तेवढ्यावर तें शतकाहून अधिक काळ चाललें.

यादीला आणखी एका गोष्टीचा आधार लागतो, तो मातीचा. सप्टेंबरांत शेवटचा चेंडू पडल्यावर मैदान राखणारा माणूस मधल्या चौकांतील सुकलेलें गवत खरडून काढतो, नवें बीं पेरतो, वर चिकणमातीचा थर देतो. हिवाळाभर ती जमीन विसावा घेते. मार्चच्या सुमारास ओल बेताची झाली कीं रोलर फिरूं लागतो. प्रथम हलका, मग क्रमाक्रमानें जड. घाई करून ओल्या जमिनीवर जड रोलर घातला तर माती दबून बिघडते, आणि उशीर केला तर ती कडक होऊन बसते. चौकांत आठ-दहा पट्ट्या असतात. आज वापरलेली पट्टी लगेच पुन्हा चांगली होत नाहीं. म्हणून कोणत्या सामन्याला कोणती पट्टी, याचेंही वेळापत्रक मनांत धरून ठेवावें लागतें. हा माणूस पुष्कळ ठिकाणीं मंडळाचाच एखादा निवृत्त सभासद असतो. ज्या शनिवारीं सगळें सुरळीत पार पडतें त्या शनिवारीं त्याची कोणास आठवण होत नाहीं, आणि तीच त्याच्या कामाची पावती.

उन्हाळा कसा आखावा यावर तेथें मोठा वादही झालेला आहे. बर्मिंगहॅम भागांतील मंडळांनीं १८८८ सालीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांच्या गांवांनीं १८९२ सालीं, गुणांचा तक्ता ठेवून खेळण्याच्या स्पर्धा सुरू केल्या. दक्षिणेंतील मंडळांस हें रुचलें नाहीं. १९१५ सालीं लंडन व दक्षिण भागांतील मंडळांची जी परिषद स्थापन झाली, आणि जी पुढें ‘क्लब क्रिकेट कॉन्फरन्स’ या नांवानें ओळखली गेली, तिच्या सभासदांनीं अशा स्पर्धांपासून दूर राहावें असा दंडक कित्येक दशकें होता. गुण आले कीं ईर्षा येईल, आणि पाहुणा शत्रु होईल, असें त्यांचें म्हणणें. उलट पक्ष म्हणे कीं, स्पर्धा नसली कीं ठराविक प्रतिष्ठित मंडळेंच एकमेकांना बोलावीत राहतात. नव्या मंडळास कितीही चांगलें खेळलें तरी थोरांच्या यादींत जागा मिळत नाहीं. अखेर १९६८ सालीं सरे परगण्यांतील मंडळांनीं आपली साखळी स्पर्धा सुरू केली आणि दक्षिणेंतील बांध फुटला. आमच्या मतें दोन्ही बाजूंत तथ्य होतें. स्नेहाच्या यादींत गोडवा असतो, पण ती आपल्याच ओळखीच्यांपुरती आकसण्याचा धोका असतो. गुणांच्या तक्त्यांत रुक्षपणा असतो, पण तो ओळख विचारीत नाहीं.

अशा मंडळाचा शब्द किती भारी असतो याचा अनुभव हिंदुस्थानास १९५२ सालीं आला. लँकेशायर लीगमधील प्रत्येक मंडळ दहा हौशी खेळाडूंच्या जोडीस एक पगारी खेळाडू ठेवीत असे. हॅस्लिंग्डन या लहानशा गांवच्या मंडळानें त्या उन्हाळ्याकरितां विनू मांकड यांच्याशीं करार केलेला होता. संघांत निवड होईल अशी हमी हिंदुस्थानच्या नियामक मंडळानें दिली नाहीं; तेव्हां मांकड करार पाळून हॅस्लिंग्डनकडे राहिले. पुढें लीड्सच्या कसोटींत आपल्या दुसऱ्या डावांत एकही धांव न होतां चार गडी बाद झाले, आणि मग मांकड यांना मोकळें करण्याविषयीं त्या मंडळाकडे बोलणें लावावें लागलें. मंडळानें त्यांना जाऊं दिलें. लॉर्ड्सवर त्यांनीं ७२ आणि १८४ धांवा काढल्या व एका डावांत ५ बळी घेतले. सामना आपण हरलों, तरी लोक त्यास आजही मांकडांची कसोटी म्हणतात. एका राष्ट्राच्या संघाला एका गांवच्या मंडळाकडे रदबदली करावी लागली, ती त्या गांवानें आपला उन्हाळा वेळेवर आखून ठेवला होता म्हणून.

आतां या व्यवस्थेची दुसरी बाजू. दोन डावांच्या मध्यें यजमान मंडळानें उभय संघांना चहा-फराळ द्यावयाचा अशी तेथील जुनी रीत. सँडविच, केक आणि किटलीभर चहा! पण तो करीत कोण? पिढ्यान्‌पिढ्या तें काम खेळाडूंच्या माता, भगिनी आणि पत्नी यांच्या अंगावर पडे. सामन्यांच्या कार्डावर मात्र त्यांचें नांव नसे. स्त्रियांना खेळाची हौस नव्हती म्हणून त्या स्वयंपाकघरांत राहिल्या असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. ‘व्हाइट हेदर’ हें स्त्रियांचें मंडळ १८८७ सालींच निघालें होतें, आणि १९२६ सालीं त्यांची देशव्यापी संस्थाही झाली. २०२० सालच्या साथींत चहा बंद पडला, तेव्हां पुष्कळ लीगांनीं तो देण्याचें बंधन कायमचें काढून टाकलें. जुन्या मंडळींना हळहळ वाटली. परंतु आज ज्या घरची मुलगी शनिवारीं चहा न करतां रविवारीं स्वतः खेळावयास जाते, त्या घराला ती हळहळ फारशी वाटणार नाहीं.

चहाची गोष्ट निघाली म्हणजे पुण्याची आठवण अपरिहार्य आहे. गेल्या शतकाच्याही आधीं, १८९० नंतरच्या दशकांत, पुण्यांत पळवणकर बाळू नांवाचा चांभार समाजांतील तरुण युरोपियनांच्या मैदानावर कामास होता व तेथील फलंदाजांना सरावासाठीं चेंडू टाकीत असे. त्याची गोलंदाजी पाहून हिंदूंच्या संघानें त्याला आपल्यांत घेतलें. मैदानावर त्याच्या हातून बळी हवे होते. पण चहाच्या वेळीं इतर खेळाडू आंत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळूला तो बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत मिळे. हे इतर खेळाडू बहुतांशीं आपल्यासारख्याच सुशिक्षित घरांतले होते, हें आपण विसरूं नये. त्याच बाळूनें १९११ सालच्या उन्हाळ्यांत अखिल हिंदुस्थानच्या संघाबरोबर इंग्लंडांत शंभरांहून अधिक बळी घेतले. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ सालीं हिंदु संघाचा कर्णधार झाला. स्वतः बाळूला तो मान कधींच मिळाला नाहीं. इंग्रजांनींही आपणांस हसूं नये. वर्ण, वर्ग व स्त्रीत्व यांवरून भेदभाव आजही क्रिकेटमध्यें खोलवर रुजलेला आहे, असा निर्वाळा तेथील स्वतंत्र चौकशी-समितीनें २०२३ सालीं दिला. सामना कोणाशीं व केव्हां हें यादींत लिहितात. पंक्तीला कोण बसणार हें लिहीत नाहींत. मंडळाची खरी परीक्षा त्या न लिहिलेल्या ओळींत होते.

आपल्या मुंबईनेंही आखणीचा एक नमुना घालून दिलेला आहे. १९४८ सालीं डॉ. होरमसजी कांगा यांच्या नांवानें सुरू झालेली लीग पावसाळ्यांत खेळतात. ओल्या मैदानावर, उंच वाढलेल्या गवतांत, उघडीप मिळेल तसा खेळ व्हावयाचा. आणि तेथेंही कागदाचें काम पाऊस पडण्यापूर्वीं, मे-जूनच्या उकाड्यांतच उरकावें लागतें. तेव्हां हें सारें परक्या देशाचें कौतुक आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

घरांतील वडील मंडळींस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, यंदां सुटींत मुलांनीं मंडळ काढण्याची टूम काढली तर त्यांना चेंडूपुरते पैसे देऊन मोकळें होऊं नये. त्यांच्या हातीं एक वहीही द्यावी. सामने कोणाशीं, कोणत्या दिवशीं, वर्गणी किती, पट्टीवर पाणी कोण मारणार, पाहुण्यांना सरबत कोण देणार, हें त्यांनीं आधीं लिहून काढावें. सरबताच्या कामावर केवळ मुलींचींच नांवें पडलेलीं दिसलीं, किंवा खेळणाऱ्यांपैकीं एखाद्याचें नांव पंक्तींतून गळलेलें दिसलें, तर तें पान वडिलांनीं पुन्हा लिहावयास सांगावें. आणि एकदां तारीख कबूल केली कीं, समोरचा संघ दुबळा असो कीं ऊन कडक असो, ठरल्या वेळीं अकराही जणांनीं मैदानावर हजर असावें.