वरून दिसणारी इंद्रवेल्ली

गुडिहत्नूरहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रवेल्ली लागते. निजामी अमदानीत ज्यांची वडीलधारी मंडळी आदिलाबाद जिल्ह्यात नोकरीला होती, त्यांच्या कानावरून हे नाव गेलेले असेल. या मुलखाची आकाशातून घेतलेली चित्रे वाचायला मी साठी उलटल्यावर शिकलो. 'वाचायला' हा शब्द मुद्दामच योजला आहे; नुसते पाहणे निराळे.

ही विद्या आपल्या देशात नवी नव्हे. डच सरकारच्या साहाय्याने १९६६ साली डेहराडूनला हवाई छायाचित्रे वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. एकाच भूभागाची दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली की डोंगर उठून उभे राहत. आज क्यूजीआयएस ही नकाशांची प्रणाली घरच्या संगणकावर विनामूल्य बसवता येते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे 'भुवन' २००९ पासून सर्वांना खुले आहे. डोळ्याला लावायचे वळण मात्र तेच जुने: आकार, छटा, पोत, सावली आणि शेजार.

सावलीची मौज पाहा. हे उपग्रह बहुधा सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास चित्र टिपतात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येला पडतात. आपल्या डोळ्याला तर उजेड वरून येण्याची सवय! त्यामुळे उत्तर दिशा वर ठेवली की उटनूरकडचे डोंगर खोल दऱ्यांसारखे दिसतात आणि नाले उंचवट्यांसारखे. उपाय अगदी सोपा आहे. चित्र उलटे फिरवून दक्षिण वर आणावी. डोंगर आपल्या जागी येतात.

रंगांचे प्रकरण याहून नाजूक. हिरवे पान डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवते. ते चित्रात तांबड्या रंगाने दाखवतात. म्हणून कार्तिकात इथले सागाचे जंगल लालभडक, खरबरीत पोताचे दिसते, आणि शेजारचे कपाशीचे शिवार त्याहून मऊ, बांधांच्या रेघांनी कापलेले. चैत्रातले चित्र घ्या: दोन्ही करडी! ते चित्र मी एका गोंड म्हाताऱ्यापुढे धरले, तेव्हा तो हसून म्हणाला, "गुरुजी, चैतात सागाला पान कुठं राहतं?"

त्याच्या हसण्यामागे मोठी गोष्ट आहे. वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी ती जमीन कसत होता की नाही, यावर त्याचा दावा ठरतो. करड्या तुकड्याला कोणी पडीक म्हटले, कोणी जंगल, तर एका कुटुंबाचे पोट त्या शब्दावर टांगलेले असते. उपग्रहाचे चित्र जोडपुरावा म्हणून चालेल, इतर पुराव्याची जागा त्याने घेऊ नये, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले आहे, आणि ते मला अतिशय शहाणपणाचे वाटते. जमिनीसाठी या भागाने किती सोसले! कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला पडला. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीतच जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा तेरा. लोक तो मानत नाहीत. तेथे त्यांचा स्तूप आहे.

जवळच्या केसलापूरचे चित्रही मी त्या म्हाताऱ्याला दाखवले. मोकळ्या मैदानालगत मोठे गोल, गडद ठिपके होते. झाडांचे डेरे, इतके मलाही कळले. ते वड आहेत, आणि पुष्य अमावास्येच्या नागोबाच्या जत्रेत मेस्राम कुळाची माणसे त्यांच्याखाली उतरतात, हे त्याने सांगितले. मग पेन्सिल मागून घेऊन तो आपल्या गुड्याभोवतीच्या वाटा कागदावर काढू लागला. त्यांतल्या दोन सागाच्या डेऱ्यांखालून जातात. त्या अजून कुठल्याच चित्रात मला सापडलेल्या नाहीत.