फवारणी पंपाची बॅटरी किती वेळात भारित होते?

गेवराई, माजलगाव आदी बीड जिल्ह्यातील कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत बॅटरीवर चालणारे पाठीवरील फवारणी पंप आता सर्रास आढळतात. ऐन फवारणीत बॅटरी उतरली म्हणजे दाब घटून थेंब मोठे पडतात, पानांची खालची बाजू कोरडी राहते आणि कालवलेले औषध अंगावर पडते. म्हणून बॅटरी भारित होण्यास किती अवधी लागेल, याचा अंदाज शेतकऱ्यास करता येणे अगत्याचे आहे.

अशा पंपाच्या बॅटरीवर बहुधा ‘१२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. दुसरा आकडा ही तिची धारणशक्ती समजावी. चार्जरवर घरच्या विजेचा व बॅटरीकडे जाणाऱ्या विजेचा असे वेगवेगळे आकडे असतात. हिशेबास दुसराच घ्यावा. तो १.७ अँपिअर असल्यास ८ ला १.७ ने भागून पावणेपाच तास येतात. परंतु हा हिशेब कागदावरचाच होय. शिसे-आम्ल बॅटरीत काही वीज उष्णतेत व इतर क्रियांत खर्ची पडते, शिवाय अखेरच्या टप्प्यात बॅटरी प्रवाह कमी कमी घेऊ लागते. यास्तव धारणशक्ती सव्वापट, म्हणजे १० अँपिअर-तास धरून भागावे. उत्तर सुमारे ६ तास येते. बॅटरी अर्धीच उतरली असेल तर ३ तास पुरतात.

शेतवस्तीवर वीज ४ तासच राहणार असेल, तर पूर्ण उतरलेली बॅटरी सुमारे दोन तृतीयांश भरेल. पूर्ण भारावर १५ टाक्या फवारून होत असतील, तर दुसऱ्या दिवशी १० टाक्यांपुरतेच औषध काढावे. २० वॅटचे सौर पॅनेल कडक उन्हात सुमारे १ अँपिअर देते. म्हणजे १० तासांचे कडक ऊन हवे. श्रावणातील ढगाळ हवेत ते दोन दिवसांतही मिळेल, याचा भरवसा नाही.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो व धारणशक्ती घटते. जी जुनी बॅटरी दोन तासांतच चार्जरचा हिरवा दिवा दाखवू लागते, ती लवकर भरली असे नव्हे. तिच्यात साठविण्यास जागाच उरलेली नसते. अशा बॅटरीस वरील हिशेब लावू नये. ती किती टाक्या काढते ते मोजावे आणि निम्म्याहून कमी निघाल्यास हंगामापूर्वीच बदलावी.